वीस जुलैले इंझोरीत काय झालं

इंझोरी
२४ जून २०२४

मनकर्णाबाई, जय भीम.

अक्षर ओळखीचं नाही म्हणून आधी नाव सांगते. मी अंजना, भीमनगरातली, इंद्रभानची बायको. बचत गटवाली अंजना म्हटलं तं लवकर ध्यानात येईन. तुमचा नाशिकचा पत्ता तुमच्या धाकट्या पोराच्या, पवनच्या लग्नपत्रिकेवरून घेतला. फोन केला असता, पण तुमच्या मालकाले, नानाजीले ऐकू येत नाही म्हणून तुमच्या घरी फोन हॉलमधी लाऊडवरच लावतात असं गावात म्हणतात. मले चारचौघात बोलायचं नव्हतं.

काम असं हाय. माही सून राखी गावच्या शाळेत मास्तरीन हाय. शाळेच्या दारात एक फळा हाय, त्यावर पोरं रोज दिनविशेष लिहितात. राखीनं यंदा नवीन कायदा केला. एक गोष्ट जगाची, एक देशाची अन् एक आपल्या गावाची. शाळा उघडायच्या आधीच तिनं जुलैची तयारी सुरू केली. जगाची अन् देशाची गोष्ट मोबाइलवर सापडते. वीस जुलैले म्हणे १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. १९६५ साली क्रांतिकारक बटुकेश्वर दत्त वारले. गावाच्या रकान्यात काहीच नव्हतं. राखीनं मले विचारलं, "आई, वीस जुलैले आपल्या गावात काही झालं होतं काय?"

मले हसूच आलं. म्हटलं, पोरी, त्याच दिवशी तं बाटली आडवी झाली.

तिले जसं सांगतलं तसंच इथं लिहिते. चुकलं असन तं तुमी सुधारा. २००८ साल, रविवार. नानाजीचं देशी दारूचं दुकान बंद करायचं का चालू ठेवायचं, यावर गावातल्या बायाईचं मतदान होतं. चालू पाह्यजे तं उभ्या बाटलीवर शिक्का, बंद पाह्यजे तं आडव्या बाटलीवर. अट अशी का यादीतल्या सगळ्या बायाईपैकी अर्ध्याहून जास्त बायाईनं आडवीवर शिक्का मारला पाह्यजे. जी आली नाही ती दुकानाच्या बाजूनं धरली जाते. हे नानाजीले पक्कं माहीत होतं. म्हणून त्यायनं त्याच दिवशी डबल रोज देऊन जीप भरून बाया निंदनाले नेल्या, त्याही शेलूबाजारच्या वावरात, गावापासून लांब. तुमी त्यायच्यावर देखरेखीले होत्या.

दुपारपर्यंत आमचं मतदान कमीच पडून राह्यलं होतं. मी शाळेच्या गेटावर उभी होती. अन् चार वाजाच्या सुमाराले जीप आली. नानाजीचा ड्रायव्हर भाऊसिंग चालवत होता. बाया चिखलाच्या पायानं उतरल्या अन् सरळ रांगेत लागल्या. बाटली आडवी झाली ती त्या जीपनं.

भाऊसिंगानं मालकाले न विचारता गाडी फिरवली, असं सगळं गाव म्हणते. राखी त्याचंच नाव लिहिनार. पण भाऊसिंग दोन वर्षांखाली वारला. त्याच्या घरी, त्याच्या बायकोले, मोतीबाईले विचाराले गेली तं ती म्हणे, "मले नका विचारू. मनकर्णाबाईले विचारा." अजून एक शब्द बोलली नाही.

म्हणून तुमाले विचारते. त्या दिवशी वावरात काय झालं?

फाट्यावरच्या तुमच्या जागेत पवननं मुरूम टाकला. काय बांधून राह्यला तो?

अंजना


नाशिक
५ जुलै २०२४

अंजनाबाई, रामराम.

तुमचं पत्र भेटलं. मोठ्या सूनबाई मंजुषानं हातात देल्लं. कोणाचं म्हणे, तं मी म्हटलं गावच्या बाईचं.

घरात नातवंडं नानाजीच म्हणतात, म्हून मीही आमच्या मालकाले तसंच लिहिते. त्यायची तब्येत ठीक हाय. काठी लागते. कानानं काहीच ऐकू येत नाही, मशीन आणली तं ते खिशात ठेवतात.

तुमी विचारलं त्याचं उत्तर. मी वावरात होती. दुपारी विहिरीवर पाणी प्याले गेली. परत आली तं बाया नव्हत्या, गाडी नव्हती. भाऊसिंगानं नेल्या. त्याचंच नाव लिहा. चांगला माणूस होता. जास्तीचं मले काही माहीत नाही. ते वावरही आता राह्यलं नाही, समृद्धी महामार्गात गेलं.

पवन फाट्यावर हॉटेल टाकते. जेवनाचं. झुनका भाकर, शेवभाजी, असं. जागा माह्या नावानं हाय म्हून मे महिन्यात कागद ठेवून गेला, सवडीनं सही कर म्हणे. पोरगं धंद्याले लागते, मले बरं वाटलं.

आता माही एक गोष्ट. तुमी पत्रात सगळं लिहिलं, पन त्या राती तुमची मिरवणूक माह्या दारासमोर थांबली ते नाही लिहिलं. डबे बडवले. "दारूवाली बाहेर ये" म्हटलं. तो आवाज तुमचा होता. रिकाम्या बाटल्याईची माळ दाराले बांधून गेल्या. सकाळी ती माळ मी माह्या हातानं सोडली. सून नवीन होती तवा, ती पाहत होती.

हे फळ्यावर लिहा असं मी म्हणत नाही. पन तुमी सुधारा म्हटलं म्हून लिहिलं.

मनकर्णा


इंझोरी
१२ जुलै २०२४

मनकर्णाबाई, जय भीम.

माळ मीच बांधली. डबे बडवनाऱ्या शंभर असतीन, पण माळ माह्या हातची होती. बाटल्या माह्याच घरच्या होत्या. इंद्रभान जाऊन तवा दोन वर्षं झाली होती. त्याच्या खाटेखालच्या बाटल्या मी फेकल्या नव्हत्या, एका पोत्यात ठेवल्या होत्या. कायले ठेवल्या ते मले आजही सांगता येत नाही. त्या राती वाटलं, याईची जागा तिथंच हाय.

पण दार तुमचं होतं हे खरं. दुकान नानाजीचं. तो फरक मले त्या दिवशी करता आला नाही. वाईट वाटते. जास्त गोड करून लिहित नाही, तुमाले आवडनार नाही.

आता दुसरी गोष्ट, अन् ही लिहू का नको म्हणून दोन दिवस थांबली. पवनचं हॉटेल जेवनाचं नाही. ग्रामपंचायतीत अर्ज आला हाय, परमिट रूमसाठी. म्हणजे बार. मी सदस्य हाय, अर्ज माह्या डोळ्यानं पाह्यला. जागामालक म्हणून तुमचं नाव, अन् "संमतीपत्र लवकरच सादर करतो" असं खाली लिहिलं हाय. चौदा ऑगस्टले महिला ग्रामसभा हाय, तिच्यात हा विषय येनार. पवन गावात सांगत फिरून राह्यला का आईची सही झाल्यातच जमा हाय, जुन्या दुकानाची बाई हाय ती, तिले धंद्याचं माहीत हाय.

तुमाले हे माहीत असन तं माफ करा. नसन तं सही कराच्या आधी कागद पूर्ण वाचा.

मोतीबाईकडे परत गेली होती. तुमचं पत्र आलं म्हटलं, भाऊसिंगाचंच नाव लिहा म्हणतात म्हटलं. ती म्हणे, "माह्या माणसानं गाडी चालवली. फिरवली नाही."

एवढंच. मी जोर देल्ला नाही.

अंजना


नाशिक
१८ जुलै २०२४

अंजनाबाई,

कागद वाचला. मंजुषाले चष्मा मांगतला अन् खालच्या बारीक अक्षरासकट वाचला. तुमी खरं लिहिलं. झुनका भाकर कुठंच नाही.

पवनले फोन केला नाही. फोन लाऊडवर राह्यते, तुमाले माहीतच हाय. आधी तुमाले लिहिते.

तुमी एकदा माह्या मांगच्या दारी आल्या होत्या. इंद्रभान जिवंत होता तवा. म्हणाल्या, "बाई, नानाजीले सांगा, माह्या माणसाले देऊ नका." मी म्हटलं, "दुकान माहं नाही." अन् दार लावलं. तुमच्यासारख्या किती आल्या असतीन. सगळ्याईले मी हेच म्हणत होती, कारन ते खरंच होतं. दुकान माहं नव्हतंच. मंग इंद्रभान गेला. मयतीले मी आली नाही. आमच्या घरून कोणी जात नव्हतं अशा मयतीले.

आता वीस जुलै. पाऊस उघडला होता, वावर ओलं होतं. बाया ओळीनं सोयाबीन निंदत होत्या. गंगू म्हातारी माह्या जवळच्या ओळीत होती. ती निंदता निंदता म्हणे, "बाई, आमाले इथं कायले आनलं ते आमाले माहीत हाय."

मी म्हटलं, "मंग आल्या कायले?"

"डबल रोज कोन सोडते? पोरगं घरी बसलं हाय पिऊन, रोज तं मीच आणते."

मी म्हटलं, "काम करा."

तिनं मान खाली घातली. जराशानं मांगून कोणीतरी विचारलं, "बाई, मतदान किती वाजेलोक हाय?" मी म्हटलं, पाच. सगळ्याईची खुरपी चालून राह्यली होती अन् कोणी बोलून नाही राह्यलं. मले ते सहन नाही झालं. शिव्या देल्ल्या असत्या तं चाललं असतं.

भाऊसिंग लिंबाखाली गाडीत झोपला होता. मी गेली अन् विचारलं, "डिझेल हाय काय?"

"हाय ना, मालकीनबाई."

"बायाईले इंझोरीले ने. शाळेसमोर उतरव. शिक्के मारून झाले का परत आन, उरलेलं निंदन पुरं करू."

तो उठून बसला. "मालकाले काय सांगू?"

म्हटलं, "सांग का बाई विहिरीवर गेली होती, तिले माहीत नाही."

तो हासला. म्हणे, "तुमी विहिरीवर होत्या, मंग हुकूम कोनाचा? माहाच ना." अन् किल्ली फिरवली. त्यानं मले एकदाही म्हटलं नाही का तुमी सांगा मालकाले. मी त्या वेळेले इचारच केला नाही का त्याचं काय होईन. बाया बसल्या, गंगू पुढं बसली. जाताना म्हणे, "आमाले काही दिसलं नाही बाई."

मी विहिरीवर गेली. जे सांगायचं ते खोटं होऊ नये म्हून खरंच जाऊन बसली.

संध्याकाळी नानाजीनं भाऊसिंगाले दुकानासमोर मारलं. सगळ्याईसमोर. लोकं म्हणतात दोन थापडा, पन ते तेवढ्यावर थांबले नव्हते. त्याची टोपी नालीत पडली. मी मधल्या खोलीच्या खिडकीतून पाह्यलं. त्यानं एकदाच खिडकीकडं पाहून मान हालवली, नाही म्हून. मले समजलं नाही का मारू नका म्हणते का बाहेर येऊ नका म्हणते. मी बाहेर नाही गेली. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. मंग तो शेलूबाजारले काळी-पिवळी चालवे, तुमाले माहीतच हाय. तुमी त्याले शाल-नारळ देल्लं तवा मी घरात होती.

त्या बायाईपैकी एकीनंही आजवर सांगतलं नाही. मी कोणाले शपथ घातली नव्हती.

हे फळ्यावर नको. नानाजी जिवंत हाय.

मनकर्णा


इंझोरी
२५ जुलै २०२४

मनकर्णाबाई,

तुमचं पत्र तेवीसले आलं. फळा शनिवारी लिहून झाला होता. चंद्र, बटुकेश्वर दत्त, अन् खाली: "२००८, इंझोरीत महिलांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद. भाऊसिंग यांनी महिलांना जीपमधून मतदानास आणले." आणले म्हटलं हाय, ते तं खोटं नाही. मोतीबाईले राखीनं मुद्दाम बोलावलं होतं. ती आली, वाचलं अन् डोक्यावरचा पदर नीट करून गेली.

पत्र मी कोणाले दाखवलं नाही, राखीलेही नाही. पण गंगूकडे गेल्याशिवाय राहवलं नाही. तिले आता दिसत नाही, ओट्यावर बसून राह्यते. म्हटलं, "गंगूबाई, जीप कोणं पाठवली होती ते तुले माहीत होतं. मले काहून नाही सांगतलं? मी त्या बाईच्या दाराले माळ बांधली."

म्हणे, "तू विचारलंच कधी? तू तं भाषण देत होती."

मले खाली पाहा लागलं. खरंच, मी विचारलंच नव्हतं. जीपमधून भाऊसिंग उतरला म्हणजे भाऊसिंगच, असं मी धरलं. गड्यानं हिंमत केली असं म्हणायले मी, बायाईच्या जिवावर आंदोलन करनारी, सगळ्यात पुढं होती.

मांगच्या दाराचं मले आठवते. दार लावलं तेही आठवते. मी तुमाले त्याबद्दल काही म्हणत नाही. तुमी मतदानाच्या दिवशी जे केलं त्यानं इंद्रभान परत येत नाही, अन् नाही केलं असतं तं अजून चार इंद्रभान गेले असते. दोन्ही खरं हाय. मी तसंच ठेवते.

तुमचं नाव अजून गावच्या मतदार यादीत हाय. चौदा ऑगस्टले येता आलं तं या. नाही जमलं तं सही करू नका, तेवढ्यानंही काम होते. पण पवन म्हणते आई आपल्या बाजूनं हाय, अन् दुकान बंद झालं तवापासून बायाईचं वय झालं, काही गेल्या, नव्या सुनाईले ते दिवस माहीत नाहीत. काही जणी म्हणतात, बार झाला तं आपल्या पोराईले काम लागन. या वेळेले मले खात्री नाही.

अंजना


नाशिक
४ ऑगस्ट २०२४

अंजनाबाई, रामराम.

नानाजीले सांगतलं.

सही करनार नाही हे पवनले सांगा लागन, पवन बापाले सांगन, मंग बापाले दुसऱ्याच्या तोंडून काहून? असा इचार केला. दुपारी जेवण झाल्यावर जवळ बसली अन् सांगाले लागली. त्यायले ऐकूच येईना. "काय? काय?" म्हणत राह्यले. मशीन लावा म्हटलं तं खिशातून काढली, सेल संपलेला. मंग काय, सोळा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ओरडून सांगा लागली. "जीप मी पाठवली! भाऊसिंगानं नाही! मी!" मंजुषा स्वयंपाकघरातून बाहेर आली. वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकीतून डोकावलं. नातवानं टीव्ही बंद केला.

मले वाटलं होतं ते चिडतीन. ते नाही चिडले. पान खात होते, ते चावनं थांबलं. पयले म्हणे, "तू?" मंग म्हणे, "मंग मी भाऊसिंगाले कायले मारलं?"

मी काय बोलू? म्हटलं, "त्यानं सांगू देल्लं नाही."

त्या राती जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही माह्या हातचा चहा घेतला नाही, मंजुषाले मांगतला. तिसऱ्या दिवशी सकाळी मले म्हणे, "भाऊसिंग हाय काय अजून?" दोन वर्षांखाली गेला म्हटलं. "अन् त्याची बायको?" म्हटलं, हाय.

म्हणे, "मले तिच्या घरी ने."

आमी तेराले निघतो. मोठा लेक गाडी करून देते, समृद्धीनं येऊ, शेलूबाजारले उतरून पुढं ऑटो. पवनले सांगतलं नाही.

मनकर्णा


इंझोरी
२० ऑगस्ट २०२४

मनकर्णाबाई, जय भीम.

सुखरूप पोचल्या असान. तुमी सभेतून गेल्यावर काय झालं ते सांगाले लिहिते, कारन तुमी मांगं वळून पाह्यलं नाही.

तुमी दारात उभं राहून जे बोलल्या ते बायाईले शब्दासकट पाठ झालं हाय. "जागा माही हाय. मी सही केली नाही, करनार नाही. बाकी तुमचं गाव हाय, तुमी ठरवा." पवननं बाहेरून आवाज देल्ला, "आई, तू आता नाशिकची झाली, तुले इथलं काय माहीत?" तवा गंगू उठली. दिसत नाही तिले, तरी आवाजाच्या रोखानं तोंड केलं अन् म्हणे, "पवन, तवा आमाले जीपमधी तुह्या आईनंच बसवलं होतं. आमी आजलोक बोललो नाही. आता बोलतो." मंग त्या जीपमधल्या जेवढ्या जिवंत हाय तेवढ्या उभ्या राह्यल्या, एकीमांगं एक. तुमी तेवढ्यात निघून गेल्या. नानाजी ऑटोत वाट पाहत होते म्हून गेल्या असान असं मी धरते. मंग म्हटलं, यावेळेले धरू नये, विचारावं.

ठराव नामंजूर झाला. हात वर करून मत घेतलं, मोजायची गरज पडली नाही.

संध्याकाळी पवन माह्या दारी आला. आत ये म्हटलं तं आला नाही. म्हणे, "तुमी माह्या आईले फोडलं."

म्हटलं, "पवन, तुही आई मले फोडता आली असती तं सोळा वर्षं लागली नसती."

तो गेला. शेजारच्या गावच्या हद्दीत भाड्यानं जागा पाहून राह्यला असं ऐकते. त्याले आपन काही करू शकत नाही. राग लवकर जाईन असं दिसत नाही, तुमाले खोटं कायले सांगू.

राखीले सगळं कळलं, गावालेच कळलं. ती विचारते, पुढच्या वर्षी काय लिहू. मी म्हटलं, ज्याईचं हाय त्याईले विचार.

अन् मोतीबाईकडे काय झालं? तुमी दोघं तिच्या घरून परस्पर निघून गेले. ती कोणाले सांगत नाही. सांगावं वाटलं तं सांगा.

अंजना


नाशिक
२९ ऑगस्ट २०२४

अंजना,

आता बाई लावत नाही. तूही लावू नको.

राखीले सांग, जीपमधल्या सगळ्या बायाईची नावं लिही. गेल्या त्यायचीही. गंगूले विचारलं तं ती सांगन, तिले बसल्या त्या जागेसकट आठवते. भाऊसिंगाचं नाव राहू दे. माहं लिहायचं तं लिही, आता लपवाले काही राह्यलं नाही. फळ्यावर मावत नसन तं चंद्रावाल्याले जरा बारीक अक्षरात लिहा.

पवन बोलत नाही. फोन लागते, उचलत नाही. मंजुषा म्हणते दिवाळीले येईन. पाहू.

मोतीबाईकडे गेलो तवा ती अंगणात तूर पाखडत होती. आमाले पाहून उठली नाही. नानाजी ऑटोतून उतरले, काठी टेकत गेले अन् तिच्यापुढं उभे राह्यले. त्यायले ऐकू येत नाही म्हून ते स्वतःही मोठ्यानं बोलतात. सगळ्या गल्लीले ऐकू जाईन असं म्हणाले, "मोतीबाई, भाऊसिंगाचा काही कसूर नव्हता. मी त्याले चुकून मारलं."

मोतीबाईनं सूप खाली ठेवलं. म्हणे, "चुकून? म्हणजे कसूर असता तं मारायचं बरोबर होतं काय?"

त्यायले ऐकू आलं नाही. माह्याकडं पाह्यलं. मले ते वाक्य ओरडून सांगा लागलं, त्यायच्या कानाशी. माह्याच तोंडून.

ते मोतीबाईकडं वळले. मंग म्हणे, "नाही. नव्हतं बरोबर."

मोतीबाई घरात गेली. मले वाटलं आता येत नाही. पन ती पाणी घेऊन आली, दोन गिलास. मले खुर्ची देल्ली. त्यायले नाही देल्ली. नानाजी उभ्यानंच पाणी प्याले. काठी एका हातात, गिलास दुसऱ्या हातात, सदऱ्यावर सांडलं. मी धराले उठत होती तं मोतीबाई म्हणे, "बसा तुमी." मी बसली. त्यायनं गिलास पुरा केला अन् वाकून खाली ठेवला. वाकाले त्यायले लय त्रास होते.

निघताना मोतीबाई मले एकटीले म्हणे, "तो घरी आला त्या दिवशी हासत होता. गाल सुजला होता अन् हासत होता. म्हणे, मोती, आज मालकीनबाईनं गाडी चालवली, माहे नुसते हात होते." मले हे माहीत नव्हतं, अंजना. मी इतकी वर्षं समजत होती का तो माह्यामुळं दुखात गेला.

येताना गाडीत नानाजी मांगं माह्याजवळ बसले होते. रस्ता मोकळा, दोन्हीकडं सोयाबीन. आपलं जुनं वावर कुठं होतं ते त्यायनं शोधून पाह्यलं, सापडलं नाही. मंग माह्याकडं वळून म्हणे, "तू मले तवा काहून नाही सांगतलं?"

मी त्यायच्या कानाजवळ तोंड नेलं. म्हटलं, "तुमी मले मारलं असतं."

ते समोर पाहत राह्यले. ड्रायव्हर आरशातून पाहून राह्यला होता. मले वाटलं, ऐकू आलं नाही, आता परत ओरडा लागन.

मंग म्हणे, "हो. मारलं असतं."

मनकर्णा